पांढरा कापूस, काळी माती आणि कॅमेऱ्याचा अंदाज

दोन वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात जळगावला काही विज्ञान शिक्षकांबरोबर दोन दिवस घालवण्याचा योग आला. विषय होता प्रकाश. दुपारच्या चहाच्या वेळी धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेचे शिक्षक दोन फोटो घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या शाळेने नुकताच एक डिजिटल कॅमेरा घेतला होता.

पहिला फोटो होता जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या गंजीचा. मुलांना प्रकल्पासाठी तिथे नेले होते. भर उन्हात डोळे दिपावेत असा पांढराशुभ्र कापूस. पण फोटोत मात्र तो पावसात भिजून करडा पडल्यासारखा दिसत होता. दुसरा फोटो दहावीच्या वर्गाचा. चुना मारलेल्या भिंतीसमोर मुले तीन रांगांत उभी होती. त्यांच्या अंगावर पांढरे गणवेश होते. इथेही भिंत मळकट दिसत होती आणि चेहरे काळवंडलेले. मागच्या रांगेतल्या तिघाचौघांचे नाकडोळेसुद्धा ओळखू येत नव्हते.

"कॅमेरा बदलून घ्यावा का?" त्यांनी विचारले. मग जरा थांबून म्हणाले, "हा फोटो वर्गात दाखवला तेव्हा सगळी मुले हसली. एक मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, 'सर, मन्हं तोंड कोठे शे?' तिला काय सांगायचे ते मला सुचेना."

कॅमेऱ्यात काही बिघाड नव्हता. दोन्ही फोटो एकाच कारणाने बिघडले होते, आणि ते कारण दूर करणारे बटण त्या कॅमेऱ्यावरच होते. बहुतेक कॅमेऱ्यांवर ते असते आणि आपण त्याला सहसा हात लावत नाही. अधिक आणि उणे अशी दोन चिन्हे असलेले हे बटण. त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. आपण त्याला 'भरपाई' म्हणू. पण भरपाई कशाची? त्यासाठी कॅमेरा काय मोजतो ते आधी पाहायला हवे.

कॅमेरा काय मोजतो?

फोटो काढायचा म्हणजे प्रकाशसंवेदी पृष्ठभागावर योग्य तेवढा प्रकाश पडू द्यायचा. पूर्वी हा पृष्ठभाग फिल्मचा होता, आता तो इलेक्ट्रॉनिक संवेदकाचा आहे. नळाखाली हंडा भरण्याची कल्पना करा. नळ किती सोडला आणि किती वेळ सोडला यावर हंड्यात किती पाणी येईल ते ठरते. कॅमेऱ्यात नळाच्या जागी भिंगामागचे लहानमोठे होणारे छिद्र असते आणि वेळ ठरवण्याचे काम शटर करते. तिसरी गोष्ट आयएसओची. मिळालेला संकेत किती पटीने वाढवून वाचायचा ते त्याने ठरते.

या तिन्ही गोष्टी ठरवायच्या, तर बाहेर प्रकाश किती आहे ते कळले पाहिजे. दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण १ लाख लक्स प्रकाश पडतो. खिडकीपासून दूर असलेल्या बाकावर तो १०० लक्सच असू शकतो. म्हणजे हजारपटींचा फरक. आपले डोळे हा फरक इतक्या सहज सामावून घेतात की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून मोजमाप यंत्रावर सोपवले गेले. १९३२ साली वेस्टन कंपनीचा प्रकाशविद्युत घट असलेला प्रकाशमापक बाजारात आला. १९३८ साली कोडॅकने मापकाच्या सूचनेनुसार स्वतःच छिद्र ठरवणारा कॅमेरा काढला. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही हेच काम चालते.

मात्र इथे एक गोम आहे. कॅमेऱ्यातला मापक वस्तूवर किती प्रकाश पडतो ते मोजत नाही. वस्तूवरून परावर्तित होऊन आपल्याकडे किती प्रकाश येतो तेवढेच त्याला कळते. समजा, समोरून पुष्कळ प्रकाश आला. तो भर उन्हात ठेवलेल्या करड्या दगडावरून आला असेल, किंवा मंद उजेडातल्या पांढऱ्या कापडावरूनही आला असेल. मापकाला हा फरक कळण्याचा मार्ग नाही. एकच आकडा, आणि त्यात दोन अज्ञात राशी: पडणारा प्रकाश आणि वस्तूची परावर्तनक्षमता. एका समीकरणातून दोन अज्ञात राशी काढता येत नाहीत, हे आपण आठवी-नववीच्या मुलांना सांगतोच.

अठरा टक्के

मग कॅमेरा काय करतो? दोनपैकी एक राशी तो गृहीत धरतो. समोरचे दृश्य, मग ते काहीही असो, सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो मानतो. हा मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा. सगळे उत्पादक नेमका हाच आकडा धरतात असे नाही, काही थोडा कमी धरतात. पण छायाचित्रकारांची करडी कार्डे १८ टक्क्यांचीच असतात.

शून्य आणि शंभर यांच्या मध्ये पन्नास येतात, मग अठराच का? कारण आपली नजर बेरजेने चालत नाही, ती बरीचशी पटींनी चालते. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती असताना दुसरी लावली तर केवढा उजेड वाढल्यासारखे वाटते! पण पन्नास मेणबत्त्यांत एकावन्नावी लावली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पांढरा कागद सुमारे ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो, तर काळा कागद चार-पाच टक्के. या दोघांच्या बरोबर मध्ये दिसणारी छटा निवडायला सांगितली, तर माणसे १८ टक्क्यांच्या आसपासची छटा उचलतात.

शेत, झाडे, माणसे, रस्ता, थोडे आकाश अशा नेहमीच्या संमिश्र दृश्याला हा अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो. म्हणूनच आपले बहुतेक फोटो ठीक येतात. पण चौकट पांढऱ्याने भरली की कॅमेरा म्हणतो, "अरे, आज प्रकाश फारच आहे", आणि नळ कमी सोडतो. चौकट काळ्याने भरली की म्हणतो, "आज अंधार दिसतो", आणि नळ जास्त सोडतो. पांढरा कापूस करडा होतो आणि पावसाने भिजलेली काळी मातीही करडीच होते.

करून पाहा: तीन कागद

हे सांगण्यापेक्षा मुलांना करून पाहू द्यावे. एक पांढरा, एक काळा आणि एक करडा असे तीन कागद घ्या. तिन्ही एकाच जागी, एकसारख्या सावलीत ठेवा. भरपाई शून्यावर ठेवून प्रत्येकाचा स्वतंत्र फोटो काढा. कागदाने पूर्ण चौकट भरली पाहिजे, कडेची जमीन दिसता कामा नये. आपली सावली कागदावर पडू देऊ नका आणि फ्लॅश बंद ठेवा.

आता तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारा, पांढरा कागद कोणता? बहुधा सांगता येणार नाही. तिन्ही जवळजवळ सारखेच करडे दिसतील. संगणकावर चित्राची उजळता ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. १८ टक्के करड्याचा आकडा त्यात साधारण ११८ येतो, आणि तिन्ही कागदांचे आकडे त्याच्याच आसपास सापडतील.

त्यानंतर तिन्ही कागद एकाच चौकटीत घेऊन चौथा फोटो काढा. आता मात्र पांढरा पांढरा दिसेल आणि काळा काळा. कागद तेच, प्रकाश तोच. बदलली ती फक्त सरासरी.

काही नव्या मोबाइलमध्ये हा प्रयोग तितका स्पष्ट दिसत नाही. १९८३ साली निकॉनच्या एफए या कॅमेऱ्यात चौकटीचे पाच भाग पाडून प्रत्येकाचा प्रकाश वेगळा मोजण्याची पद्धत आली. आजचे कॅमेरे असे शेकडो भाग पाडतात, चेहरे शोधतात आणि आधी पाहिलेल्या असंख्य दृश्यांशी तुलना करून अंदाज सुधारतात. अंदाज सुधारला, तरी तो अंदाजच राहतो.

अधिक-उणे बटण

आता भरपाईकडे येऊ. समोर कापूस आहे हे कॅमेऱ्याला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. ही माहिती त्याला द्यायची जागा म्हणजे ते अधिक-उणे बटण. त्यावरचे आकडे दोनच्या घातांचे आहेत. +१ म्हणजे कॅमेऱ्याने ठरवले त्याच्या दुप्पट प्रकाश, +२ म्हणजे चौपट. -१ म्हणजे निम्मा, -२ म्हणजे पाव. अशा एकेका पायरीला छायाचित्रकार स्टॉप म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत एका स्टॉपचे तीन भाग केलेले असतात.

किती भरपाई द्यायची याचा हिशेब फळ्यावर मांडता येतो. कापसाची प्रत ठरवताना त्याचे परावर्तन यंत्राने मोजतात. चांगल्या रुईत ते ७५ टक्क्यांच्या आसपास असते. कॅमेऱ्याने ते १८ धरले. ७५ भागिले १८ म्हणजे चारपटीहून किंचित जास्त, अर्थात दोन स्टॉप. कापसाने चौकट पूर्ण भरली असेल तर +२ च्या जवळ जावे लागेल. गंजीबरोबर थोडे आकाश, ट्रॅक्टर, माणसे असतील तर +१ पुरेल. ओल्या काळ्या मातीचे परावर्तन दहा टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे तिथे -१ किंवा थोडे अधिक उणे. काळ्या म्हशीने चौकट भरली तरी तसेच.

नियम थोडासा उलटा वाटतो. पांढऱ्या वस्तूला अधिक प्रकाश द्यायचा आणि काळ्या वस्तूला उणा. मुले नेहमी याच्या उलट उत्तर देतात. त्यांना तीन कागदांची आठवण करून द्यावी.

हल्ली शेतकरी आणि व्यापारी मोबाइलवरून मालाचे फोटो पाठवतात. फोटोत करडा दिसणारा कापूस भिजलेला आहे की शून्यावर राहिलेल्या भरपाईमुळे तसा दिसतो, हे पाहणाऱ्याने कसे ओळखावे? फोटोत कापसाशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवावा. तोही करडा दिसला तर दोष कापसाचा नाही.

वर्गाचा फोटो

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. समजा, चौकटीचा तीन चतुर्थांश भाग भिंत आणि पांढऱ्या गणवेशांनी व्यापला आहे आणि त्यांचे परावर्तन ८० टक्के आहे. उरलेल्या चतुर्थांशात चेहरे, केस वगैरे; त्यांचे सरासरी १५ टक्के धरू. एकूण सरासरी आली सुमारे ६४ टक्के. कॅमेऱ्याने ती १८ वर आणली, म्हणजे सगळ्याच गोष्टी साडेतीन पटींनी गडद केल्या. १५ टक्के परावर्तन असलेला सावळा चेहरा फोटोत चार टक्क्यांवर गेला. चार टक्के म्हणजे काळा कागद! गोऱ्या चेहऱ्याचेही तेच झाले. पण तो ३५ वरून दहावर आला, म्हणून निदान ओळखू तरी येतो.

म्हणजे यंत्राने सगळ्यांना सारखेच भागले, पण तोटा मात्र सारखा झाला नाही. जो आधीच सावळा, त्याचे नाकडोळेच नाहीसे झाले. त्या मुलीच्या चेहऱ्यात काही उणे नव्हते. उणीव भिंतीच्या रंगाने फसलेल्या अंदाजात होती. असा फोटो वर्गात दाखवून हसण्याआधी आपण शिक्षकांनी हे समजून घ्यायला हवे.

ही गोष्ट एका शाळेपुरती नाही. रंगीत फोटो छापण्याच्या प्रयोगशाळांत १९५० च्या दशकापासून रंग जुळवण्यासाठी कोडॅकचे एक नमुना कार्ड वापरत. त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची त्वचा बरोबर छापली की यंत्र बरोबर, अशी समजूत होती. सावळ्या आणि काळ्या माणसांचे फोटो त्यात बिघडत, आणि वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे रूढ व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. नमुना कोणता धरला यावर कोण नीट दिसणार ते ठरत होते.

वर्गाच्या फोटोत काय करावे? +१ ते +१.७ पर्यंत भरपाई द्यावी आणि सर्वांत सावळा चेहरा नीट दिसतो का ते पाहावे. भिंत पार पांढरी झाली तरी चालेल, भिंतीचा फोटो आपल्याला नकोच आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे चुन्याच्या भिंतीसमोर उभे न करता मुलांना निंबाच्या सावलीत, झाडाझुडपांच्या पार्श्वभूमीवर उभे करणे. पाने मध्यम छटेची असतात, त्यामुळे अंदाज कमी चुकतो; आणि सावलीत चेहऱ्यावर उन्हाचे पट्टेही पडत नाहीत. मात्र मुलांच्या मागे उघडे, तळपते आकाश नको.

अजिंठ्याच्या अंधारात

उलट बाजूचे उदाहरण अजिंठ्याचे. जळगावहून लेणी साठेक किलोमीटरवर आहेत, त्यामुळे खानदेशातल्या शाळांच्या सहली तिथे जातातच. चित्रांना अपाय होऊ नये म्हणून आत फ्लॅश वापरायला मनाई आहे. मंद उजेडातली गडद भिंत पाहून कॅमेरा तिला मध्यम करडे करायला बघतो. त्यासाठी तो शटर बराच वेळ उघडे ठेवतो, समजा १/८ सेकंद. एवढ्या वेळात हात हलतो आणि पद्मपाणीच्या चेहऱ्याऐवजी एक धुरकट डाग हाती येतो.

इथे -१ दिले तर शटर १/१५ सेकंदांवर येईल आणि -२ दिले तर १/३० वर. हात हलण्याचा दोष कमी होईल आणि लेण्यातला अंधार अंधारासारखा दिसेल. पण चौकटीत लेण्याचे उजळ प्रवेशद्वार आले की गणित उलटते. कॅमेरा त्या उजेडाने फसून आतले सगळे काळे करतो. तिथे दार चौकटीबाहेर ठेवावे, नाहीतर अधिकची भरपाई द्यावी.

बटण वापरताना

मोबाइलवर बहुधा पडद्यावर बोट टेकवले की शेजारी सूर्याचे चिन्ह उमटते. ते वर सरकवले की अधिक, खाली सरकवले की उणे. कॅमेऱ्यावर बटण किंवा चकती असते. छिद्र आपण ठरवले असेल तर भरपाईमुळे शटरचा वेळ बदलतो, शटर आपण ठरवले असेल तर छिद्र बदलते. सगळेच हाताने ठरवण्याच्या पद्धतीत हे बटण सहसा निकामी असते, कारण तिथे कॅमेऱ्याचा अंदाज आपण मानतच नाही. फ्लॅशच्या प्रकाशाची भरपाई बऱ्याच कॅमेऱ्यांत वेगळी द्यावी लागते.

भरपाई किती अधिक द्यावी, यालाही मर्यादा आहे. पुन्हा हंडा आठवा. हंडा काठोकाठ भरल्यावर येणारे पाणी वाहून जाते. संवेदकाचेही तसेच आहे. २५५ या आकड्यापलीकडे तो जात नाही, आणि तिथे पोचलेल्या भागातले बारकावे नंतर कशानेही परत आणता येत नाहीत. कापसाचे तंतू दिसेनासे होऊन नुसता पांढरा धप्पा उरतो. गडद भाग मात्र नंतर संगणकावर थोडा उजळता येतो, जरी त्यात दाणेदारपणा वाढला तरी. म्हणून पांढऱ्या वस्तूची भरपाई एकेक पायरीने वाढवावी आणि दर वेळी फोटो मोठा करून तंतू दिसतात का ते पाहावे.

शेवटची आणि सर्वांत जास्त होणारी चूक: काम झाल्यावर भरपाई पुन्हा शून्यावर आणायला विसरणे. कापसाला दिलेले +२ तसेच राहिले, तर पुढच्या शेतातली केळीची बाग फिक्कट पडलीच म्हणून समजा.

मुलांना विचारा

आपण प्रयोगशाळेत वापरतो त्या प्रत्येक उपकरणाच्या पोटात अशी काही ना काही गृहीतके असतात. तापमापी धरून चालते की तिचे आणि वस्तूचे तापमान सारखे झाले आहे. दुधाची घनता पाहणारा दुग्धमापी धरून चालतो की दूध एका ठरावीक तापमानाला आहे. गृहीतक जुळत नसेल तर उपकरण चांगले असूनही उत्तर चुकते. ते कधी जुळत नाही हे ओळखणे माणसाचे काम. तीन कागदांचा प्रयोग मुलांना ही गोष्ट पाच मिनिटांत दाखवतो, आणि त्याला खर्च काहीच नाही.

प्रयोगानंतर वर्गाला एक प्रश्न घाला. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर पौर्णिमेचा चंद्र उगवला आहे. तो चांगला वर आल्यावर मोबाइलने फोटो काढला, तर चंद्रावरचे डाग दिसत नाहीत, नुसता पांढरा ठिपका येतो. असे का? भरपाई अधिक द्यावी की उणे? उत्तर शोधायला दोन गोष्टी सांगा. चौकटीत बहुतेक जागा काळ्या आकाशाची आहे. आणि चंद्राची जमीन पडलेल्या प्रकाशापैकी फक्त सुमारे १२ टक्केच परावर्तित करते, म्हणजे तिचा रंग आपल्या मध्यम करड्याहूनही थोडा गडद. पण रात्री अकरा वाजतासुद्धा तिथे भर दुपारचे ऊन पडलेले असते.

आणि वर्गाचा फोटो पुन्हा काढाल तेव्हा कॅमेरा एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्या. मागच्या रांगेतला सर्वांत सावळा चेहरा नीट येईपर्यंत भरपाई बदलत राहायची, एवढीच सूचना पुरे.